आमच्या गावची आराखड्याची ग्रामसभा: ५ पैकी साडेतीन स्टार

हॉटेलचे, मिक्सरचे, पार्लरचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, ग्रामसभेचा कुणी टाकलेला मी तरी वाचला नाही म्हणून टाकतेय. सर्व्हिसच आहे की ती पण, घरपट्टी पाणीपट्टी दिवाबत्ती कर सगळं भरतोय आपण. गावाचं नाव घालत नाही, कोल्हापूरला चिकटूनच आहे, महापालिकेची हद्द संपली की लगेच आमची कमान लागते एवढं पुरे. अर्धं गाव म्हणजे जुनं गावठाण आणि अर्धं म्हणजे आमच्यासारख्या कॉलन्या, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना भेटतात ती फक्त यात्रेत, नाहीतर मग पाण्याची मोटर जळली की.

थोडक्यात हवं असेल तर घ्या: वेळ पाळण्यात नापास, बसायची सोय बरी, माईक भंगार, चहा चांगला. काम होतं का? होतं. पण ते भाषण ठोकून होत नाही, वहीत काय लिहिलं जातं त्याच्यावर होतं. ह्याचं सविस्तर खाली आहे, बाकीचं नाही वाचलं तरी तेवढं वाचा.

आता ही सभा कुठली ते. वर्षातनं निदान चार ग्रामसभा घ्यायच्याच असं कायद्यात आहे, १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, आणि आपल्याकडं साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या तारखा धरतात. त्यातली २ ऑक्टोबरपासून पुढची जी असते तिच्यात पुढच्या वर्षाचा गावाचा विकास आराखडा मांडतात, म्हणजे पैसे अंदाजे किती येणार आणि ते कशाकशावर घालायचे. बाकीच्या सभांना दांडी मारली तर एकवेळ चालेल, ही चुकवू नये. एंट्रीला काय लागतं? गावच्या मतदार यादीत नाव, बास. घर भाड्याचं का मालकीचं कुणी विचारत नाही, पण नाव अजून शहरातल्या वॉर्डात असेल तर तुम्ही पाहुणे, बसा, चहा घ्या, हात वर करता येणार नाही. आमच्या कॉलनीतली बरीच मंडळी अशीच आहेत, राहायला हिथं, मतदानाला तिकडं पेठेत, आणि गटर तुंबली की शिव्या मात्र आमच्या सरपंचांना.

नोटीस सात दिवस आधी लावायची असते आणि लावलेली होती, पंचायतीच्या काचेच्या बोर्डात, त्या बोर्डाची चावी शिपाई मामांकडं आणि काच अशी की आतलं वाचायला मोबाईलचा टॉर्च मारावा लागतो. घंटागाडीच्या स्पीकरवरनं पण पुकारतात, पण गाडी आमच्या गल्लीत येईपर्यंत नोकरीवाली माणसं गेलेली असतात. मला कळलं ते बचत गटातल्या एका मावशींकडनं, आणि त्यांनीच सांगितलं की "वहिनी, त्या सभेला या, पण आदल्या दिवशीच्या बायकांच्या सभेला आधी या."

हे मला नवीन होतं. मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, तिच्यात जे ठरेल ते मुख्य सभेपुढं ठेवायचं असतं. आणि खरं सांगते, ह्या दोन्हीतली ती सभा जास्त भारी. पुरुषमाणसं नाहीत, माईक नाही, सगळ्या सतरंजीवर गोल करून बसलेल्या, आणि चर्चा डायरेक्ट हिशोबावर. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला बालकल्याणावर खर्च करायचे असतात (तसेच १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी), तर गेल्या वर्षीचे ते १० टक्के कुठं गेले असं एका आजींनी विचारलं. शिलाईच्या ट्रेनिंगला, असं उत्तर आलं. कोण कोण होतं ट्रेनिंगला, नावं वाचा, म्हणाल्या. नावं वाचली. त्यातल्या एक सूनबाई तिथंच बसलेल्या, त्या म्हणाल्या मी दोनच दिवस गेलते, मशीन बंद होतं. मग जी काय हशा झाली, आणि त्या हशातच पुढच्या वर्षी ट्रेनिंग नको, आधी अंगणवाडीच्या संडासाला कडी लावा आणि ओढ्याकडच्या पाणंदीला दोन दिवे लावा असं ठरलं.

आणि इथं मला ती गोष्ट दिसली ज्यासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहितेय. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात भाऊसाहेबच) वहीत लिहीत होते, आणि त्या मावशी त्यांच्या खांद्यावरनं वाकून वाचत होत्या. भाऊसाहेबांनी लिहिलं, दिव्यांबाबत चर्चा झाली. मावशी म्हणाल्या, "चर्चा झाली न्हवं. दोन दिवे बसवायचं ठरलं, असं लिवा. आणि कुठं ते पण लिवा, ओढ्याच्या पुलापास्नं अंगणवाडीपत्तूर." भाऊसाहेबांनी खोडलं, बाजूला सही केली, परत लिहिलं. मावशींची शाळा सातवीपर्यंत झालीय. कॉलनीत एमबीए, इंजिनिअर, वकील सगळे आहेत, ह्यातला एकही त्या वहीजवळ जाऊन बघत नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्य सभा. नोटिशीत ११ वाजता. ११ ला हॉलमध्ये शिपाई मामा आणि झाडू. हॉल शाळेचा, भिंतीवर शाहू महाराज, आंबेडकर, गाडगेबाबा, आणि एका कोपऱ्यात गेल्या गॅदरिंगचं थर्माकोल. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के नाहीतर १००, ह्यातलं जे कमी असेल ते, आमचं गाव मोठं म्हणून १०० लागतात. तेवढी माणसं काय येईनात. मग मामा हजेरीचं रजिस्टर काखेत मारून सोसायटीसमोरच्या पारावर गेले, तिथं बसलेल्या मंडळींनी पेपर वाचता वाचता सह्या ठोकल्या, कुणी अंगठा लावला, आणि त्यातली निम्मी पारावरच राहिली. रजिस्टरवर शंभर पार, हॉलमध्ये तेवढे डोळे नव्हते हे मी शपथेवर सांगेन. एक स्टार इथंच कापला. पण दुसरी बाजू पण ऐका, कोरमअभावी सभा तहकूब झाली तर नंतरच्या तहकूब सभेला कोरमची अटच नसते, म्हणजे मग आठ-दहा माणसांत वर्षाचा आराखडा पास. तेव्हा पारावरनं उचलून आणलेली का होईना माणसं आली ते परवडलं म्हणायचं.

सरपंच बाई आहेत. त्यांचे मिस्टर मागच्या खुर्चीत बसलेले, मी मुद्दाम लक्ष ठेवून होते की हे कधी उठून बोलतात, तर ते पूर्ण वेळ मोबाईलवर कुस्तीचा व्हिडिओ बघत होते. बाईंना गावातला एकेक व्हॉल्व्ह पाठ आहे, कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सुटतं ते वही न बघता सांगतात. आवाज मात्र बारीक आणि माईक असा की प्रत्येकानं आधी टकटक करून हॅलो हॅलो म्हणायचं, मग त्यानं शीळ घालायची, मग कुणीतरी ओरडायचं की माईक ठेवा खाली आणि तोंडानं बोला.

पहिला पाऊण तास झोप येते, तयारी ठेवा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्च वाचन, शासनाची परिपत्रकं वाचून दाखवणे, हे सगळं भाऊसाहेब एका दमात वाचतात आणि दर पानाला "मंजूर का? मंजूर!" स्वतःच म्हणतात. आमच्या शेजारच्या दादांनी मध्येच "जरा सावकाश" म्हटलं तर त्यांच्याकडं सगळ्यांनी असं बघितलं जणू काय तालमीत चप्पल घालून आलेत.

मग आराखडा. आणि कॉलनीतल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न, आमच्या रोडला डांबर कधी. गल्लीचं नाव फक्त बदलायचं, प्रश्न तोच. ह्याच्यावर भाऊसाहेबांनी फळ्यावर खडूनं दोन कप्पे काढले आणि हे त्यांनी झकास केलं, त्याचे त्यांना पूर्ण मार्क. १५ व्या वित्त आयोगाचे (२०२५-२६ पर्यंतचे) जे पैसे त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता ह्याच्यावरच घालायचे, सांडपाणी कचरा त्यातच आलं, आणि ४० टक्के अबंधित, ते गावाच्या गरजेनुसार, पण पगारावर नाहीत. म्हणजे सगळ्यांनी रस्ताच मागितला तर लहान कप्प्यावर सगळं गाव तुटून पडणार आणि मोठा कप्पा तसाच. फळा बघितल्यावर चार-दोन आवाज बंद झाले. एका काकांनी तरी विचारलंच की बांधकाम परवान्याला एवढे दिवस का, तर ते पंचायतीचं नाहीच, २०१७ साली शहराभोवतीच्या ४२ गावांचं प्राधिकरण झालं, आमचं गाव त्यात आहे, परवानगी तिकडं. आणि प्राधिकरण म्हटलं की हद्दवाढ आलीच, म्हणजे आजूबाजूची गावं महापालिकेत घ्यायची का नाही ते. कोल्हापुरात कुठल्याही सभेत, लग्नात, मयतीत हा विषय निघाला की तासभर गेला. १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून हद्द आहे तेवढीच आहे, कॉलनीवाल्यांना शहरात जायचंय, गावठाणाला शेतं आणि घरपट्टीची काळजी, तेच तेच. कुणीतरी "हद्दवाढ गाडा" म्हणून घोषणा दिली, कुणीतरी "मग केएमटी पण मागू नका" म्हणून (केएमटी म्हणजे महापालिकेची बस), सरपंच बाईंनी पाणी मागवलं आणि दोघांनाही पाजलं.

आता माझा विषय. आमच्या कॉलनीच्या तोंडाला ओढा आडवा जातो, त्याच्यावर मोरी आहे, म्हणजे रस्त्याखालनं पाणी जायची वाट, मोरीत एकच सिमेंटचा पाईप, आणि तो एवढा बारीक की पावसाळ्यात एक झाडाची फांदी अडकली तरी पाणी रस्त्यावर. त्यात नदी चढली की विषयच संपला, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ धोका पातळी, पण आमच्या मोरीला ३९ च्या आधीच फुगोटा लागतो, वरचं पाणी खाली जात नाही आणि खालचं वर यायला बघतं. २०१९ ला आणि २०२१ ला काय झालं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. मी फोटो प्रिंट करून नेलेले आणि बोलायला उभी राहिले. तर मागनं आवाज आला, "कॉलनीवाल्यांनी ओढ्यात भर टाकून घरं बांधली आणि आता पाईप मागायलाय."

अर्धं खरं होतं ते. मी घर विकत घेतलं तेव्हा ओढा कसा होता कुणी दाखवलं नव्हतं, पण प्लॉट पाडणाऱ्यानं तो दाबला असणार हे आंधळ्याला पण दिसतं. वाद वाढणार तेवढ्यात आवाज टाकलेलेच आण्णा, सत्तरीच्या पुढचे, धोतर, काठी, ते उठून सरळ माझ्याजवळ आले आणि फोटो हातात घेतला. फोटो उलटा धरलेला. सुलटा केला, बराच वेळ बघितला, मग भिंतीवरच्या फळ्याकडं गेले आणि भाऊसाहेबांच्या त्या कप्प्यांच्या खाली खडूनं ओढा काढला. वरनं कुठनं येतो, कुणाच्या बांधाला वळतो, कुठं त्याला दुसरा बारका ओहोळ मिळतो. "हितं बैलगाडी उतरून पलीकडं चढत हुती," म्हणाले, "एवढा रुंद. तुमचा पाईप मोठा केला तर पाणी माझ्या उसात येतंय. पाईप मोठा करायचा तर फुडची गटर पण नदीपत्तूर करा, न्हाईतर मी पाईप घालू देत न्हाई."

म्हणजे विरोध करायला उठलेल्या माणसानं अख्खं डिझाईनच सांगितलं. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर ह्या मोरीवर वर्षानुवर्षं चर्चा चाललीय, इंजिनिअर लोकांनी डायग्राम टाकलेत, पाणी पुढं कुणाच्या शेतात जातं हा प्रश्न एकानंही काढला नव्हता.

मग भाऊसाहेबांनी सांगितलं ती खरी कामाची गोष्ट. मोरी म्हणून मागितली तर ते रस्त्याचं काम, लहान कप्पा, तिथं आधीच रांग. पण कॉलनीचं सांडपाणी त्याच ओढ्यात उघड्यावर जातं, ते बंदिस्त गटर म्हणून धरलं तर स्वच्छतेत, मोठा कप्पा. तेव्हा दोन कामं वेगळी लिहा, सांडपाण्याची बंदिस्त गटर इथपासून इथपर्यंत एक, आणि मोरीचा पाईप बदलणं दुसरं, आणि पहिलं आधी. बरोबर आहे की, नुसतं आमचं गाव नाही, नदीकाठच्या सगळ्यांचंच पाणी शेवटी पंचगंगेत जातंय आणि तिच्या प्रदूषणावर आपण सगळे बोंबलतोय.

मी मावशींसारखी जाऊन भाऊसाहेबांच्या बाजूला उभी राहिले. ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो, हे नागरिकशास्त्रात होतं की नाही आठवत नाही. सूचक आण्णा झाले, अनुमोदक मी. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचायला लावलं, त्यात "आवश्यक तेथे" असं घातलेलं, आण्णा म्हणाले आवश्यक कुठं ते कोण ठरवणार, नावं घाला. मग जमिनींचे गट नंबर घातले. आण्णांना गट नंबर तोंडपाठ.

हा ठराव वगैरे प्रकार कागदीच असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच जिल्ह्यातलं हेरवाड आठवावं. शिरोळ तालुक्यातलं गाव, २०२२ च्या मे महिन्यात त्यांनी विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, बांगड्या फोडणं कुंकू पुसणं बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना सांगितलं की हेरवाडसारखं करा. एका गावच्या वहीतली ओळ मंत्रालयात गेली. आमची गटर काय मंत्रालयात जाणार नाही, पण वही तीच.

चहा ह्याच्यानंतर आला. आल्याचा, गोड, सोबत पारले. आणि हा चहा धोक्याचा आहे, का ते सांगते. चहा झाला की माणसं उठतात, बायका तर आधीच गेलेल्या, पोरांची शाळा सुटायची वेळ, आणि मग "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय" सुरू होतात. हॉल निम्मा रिकामा, आणि एक सदस्य उठले की कॉलनीची ओपन स्पेस मोकळीच पडलीय, तिथं गाळे काढून भाड्यानं देऊ, पंचायतीला उत्पन्न. एवढ्या सहज, जणू पानपट्टीवर सुपारी मागतायत. आमच्या लेआउटमधली ती एकच मोकळी जागा, पोरं तिथं खेळतात, गणपती तिथंच बसतो. एक रिटायर्ड मास्तर मागं होते ते न उठताच म्हणाले, "विषय अजेंड्यावर नाही. नोटिशीत घ्या, मग बोलू." सरपंच बाईंनी पुढच्या सभेत ठेवला. मास्तर नसते तर काय झालं असतं सांगता येत नाही, तेव्हा चहा पिऊन घरी जाणाऱ्यांनो, चहा पिऊन परत बसा. ह्याचा अर्धा स्टार कापलाय.

नंतरचं पण लिहिते, कारण रिव्ह्यू टाकून गायब होणारी माणसं मला आवडत नाहीत. ठरावाची नक्कल मिळते, साध्या कागदावर अर्ज द्यायचा, फी भरायची, पावती घ्यायची. मला चकरा माराव्या लागल्या पण मिळाली, आणि लिहिलेलं तसंच होतं, गट नंबरासकट. आराखडा मंजूर झाला की ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो, तिथं राज्य जिल्हा तालुका गाव निवडलं की कुठल्या कामाला किती धरलेत ते घरबसल्या दिसतं, लॉगिन बिगिन काही नको. साईट हळू आहे, रात्री उघडा. आमची गटर यादीत आहे. मोरी पण आहे, खालच्या नंबरला. अंगणवाडीची कडी त्याच आठवड्यात लागली, त्याला आराखड्याची वाट बघावी लागली नाही. पाणंदीचे दिवे अजून नाहीत, मावशी दर सोमवारी पंचायतीत जाऊन विचारून येतात.

गेल्या आठवड्यात शाखा अभियंता येऊन टेप लावून गेले. आण्णा काठी घेऊन सोबत फिरत होते आणि टेपचं दुसरं टोक धरायला त्यांनी मला लावलं, चिखलातनं, ऑफिसच्या कपड्यात.

पुढची सभा २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर. गाळ्यांचा विषय त्या नोटिशीत आहे, मी बोर्डावर टॉर्च मारून वाचलाय. कॉलनीतल्या ज्यांचं नाव अजून शहरातल्या यादीत आहे त्यांनी फॉर्म ८ भरून पत्ता बदलून घ्या, ऑनलाईन होतो, अडलं तर मला फोन करा, भरून देते.